चार्जरवरची बस

जळून भंगारात गेलेली इलेक्ट्रिक बस माझ्या स्क्रीनवर अजून चार्जरवर लागलेली दिसते, हे साहेबांना मी दहादा सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं: "तुला सॉफ्टवेअर कळत नाही, बाई."

आज भर दुपारी ते कंट्रोल रूममधून तणतणत खाली डेपोत गेले. त्या बसच्या रिकाम्या जागेत उभं राहून त्यांनी लोंबकळणारी केबल हलवली आणि ते फोनवर खेकसले, "बघ खिडकीतून! आहे इथे बस? डिलीट कर तिला!"

मी डिलीटच्या बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात स्क्रीनवर चार्जिंग पूर्ण झालं. बसचं दार उघडलं, बंद झालं. प्रवासी: एक.

"अगं, थांब," फोनवर साहेब कुजबुजले. "आधी दार उघड."

मी खिडकीतून पाहिलं. केबल तेवढी हलत होती.

माझं बोट अजून बटणावरच होतं.