शेजारची खुर्ची

"हा जहाजवाला काढून टाक," लायनेल म्हणाला. "मागच्या वेळी शेजारणीचं सूप गार झालं, तरी याची जहाजं काही धक्क्याला लागेनात."

प्रुडेन्सनं हसत नाव खोडलं. नॉर्वेचे राजे लंडनला यायचे होते. त्यांच्या मेजवानीसाठी परराष्ट्र खात्यानं नावं धाडली होती, नॉर्वेच्या वकिलातीनंही धाडली होती, आणि राजवाड्यातल्या या खोलीत दोघं त्यांना कात्री लावत बसले होते. नॉर्वेशी काही ना काही धागा असलेली माणसं ठेवायची, बाकीची गाळायची. गळलेल्यांना आपलं नाव कधी निघालं होतं हेही कळत नसे. कोण येणार ते लायनेल बघायचा, कोण कुठे बसणार ते प्रुडेन्स. शेवटचा होकार इथल्या महाराजांचा.

"आणि ही?" प्रुडेन्सनं बोट ठेवलं. "इमोजेन हॅवरगल. नॉर्वेजियन नाटकांचे अनुवाद करते. वकिलातीनं सुचवलीय."

लायनेलनं कप खाली ठेवला. "मी नाही हं सुचवलं."

"माहीत आहे रे. ठेवू ना?"

"ठेव."

इमोजेन त्याची बायको. वर्षापूर्वी घर सोडून गेली होती. चूक त्याचीच होती. जगाच्या पंगती मांडता मांडता घरी एका ताटावर बाई एकटीच जेवतेय, हे त्याला दिसलंच नाही. घटस्फोटाच्या कागदांवर त्यानं मुकाट सही केली होती. आता कोर्टात शेवटचा अर्ज तेवढा इमोजेननं करायचा होता, आणि तो तिनं अजून केला नव्हता. तोवर दोघं कायद्यानं नवरा-बायकोच. त्या न केलेल्या अर्जावर लायनेलची सगळी आशा टांगलेली होती.

"प्रू, तिला माझ्या शेजारी बसव ना."

"डोकं ठिकाणावर आहे का? नवरा-बायको शेजारी नाहीत. आपल्याकडे कधीच नाहीत. बिशपच्या बायकोनं रडून गोंधळ घातला होता, तेव्हा तूच नाही म्हणालास."

"मग दिसेल अशी तरी बसव. माफी मागायचीय मला तिची. घरी ती दार उघडत नाही. इथे निदान महाराजांच्या आधी उठून जाता येणार नाही."

प्रुडेन्सनं यादीतल्या पुढच्या नावावर बोट ठेवलं.

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "इमोजेनचा फोन आला होता. येतेय."

"आणखी काय म्हणाली?"

"जेवणाचं विचारलं मी. मासे चालतात, बदाम नको."

"मला माहीत आहे तिला काय चालतं ते," लायनेल म्हणाला. प्रुडेन्स घाईघाईनं फुलवाल्याला फोन लावायला वळली.

मेजवानीच्या संध्याकाळी पाहुण्यांच्या आधीच तो दालनात शिरला. टेबलाच्या पार टोकापासून एकेक नावाची चिठ्ठी वाचत आला. इमोजेन कुठेच नव्हती. ती सापडली त्याच्या स्वतःच्या खुर्चीला लागून, डाव्या हाताला.

त्याला भरून आलं. तिच्या पुढ्यातली सरळच असलेली सुरी त्यानं पुन्हा सरळ केली. पहिलं वाक्य काय बोलायचं ते मनात घोळवत तो दाराशी उभ्या असलेल्या प्रुडेन्सकडे जवळजवळ धावतच गेला.

"प्रू, तुझे उपकार कसे फेडू? माझ्यासाठी नियम मोडलास!"

प्रुडेन्सनं वर पाहिलं नाही.

"मी नियम नाही मोडला रे, लायनेल."