हमीची काडी

“लावा की काडी, नोंग! पाद्री यायची वाट बघताय काय?”

बेर्तिंग हसत म्हणाला, पण कार्पोला हसू आलं नाही. गावातले ड्रायव्हर म्हाताऱ्या कार्पोला मानाने ‘नोंग’ म्हणत. त्याने काडेपेटी उचलली. पेटी खुळखुळली.

समोर बेर्तिंगची छोटी प्रवासी गाडी, मल्टिकॅब, उभी होती. पुढची सीट उचललेली, सीटखाली इंजिन, आणि इंजिनाच्या अंगाला कार्पोने आत्ताच बसवलेला पेट्रोलचा नवा पाइप. जुन्या पाइपचा जोड गळत होता. अर्ध्या तासाने शाळा सुटली की याच गाडीत चौदा पोरं कोंबून बेर्तिंग डोंगरावरच्या वस्तीकडे निघणार होता. त्याची स्वतःची धाकटी याच सीटवर, नेमकी या जोडाच्या वर बसायची.

तीस वर्षं कार्पोची एकच रीत होती. पेट्रोलचा जोड बसवला की त्यावर नाक न्यायचं, डोळे मिटून हुंगायचं, आणि मग तिथेच काडी ओढायची. काडी शांत जळली की काम पक्कं. गावातल्या ड्रायव्हरांना दुसरी कसली पावती लागत नसे. इतर मेकॅनिक कानाला हात लावत, ‘म्हातारा एक दिवस जळून मरेल’ म्हणत. पण त्याच्या नाकाने त्याला कधी दगा दिला नव्हता.

दिला तो दोन महिन्यांपूर्वी. तापातून उठला आणि वास गेला तो गेलाच. सुक्या मासळीचा नाही, कॉफीचा नाही, पेट्रोलचाही नाही. परवा चुलीवरचा भात करपून कोळसा झाला, तरी हा शेजारी बसून दाढी करत होता. मुलगी लिसेल धावत आली, तिने भांडं उतरवलं आणि सरळ विचारलं, “ताताय, तुम्हाला वास येत नाही का?” तेव्हा तो तिच्यावर असा खेकसला की तिने पुन्हा विषय काढला नाही. या दोन महिन्यांत त्याने सात जोड बसवले होते. सातही वेळा नुसतं हुंगायचं नाटक करून, देवाचं नाव घेऊन काडी ओढली होती.

“थांबा, नोंग.” बेर्तिंगने अचानक नाक वर केलं. त्याचं हसू मावळलं. “वास येतोय.”

“जुन्या पाइपातलं सांडलं असेल.”

“ते दोन तासांपूर्वी. हा ताजा भपकारा आहे. तुमच्या नाकाला कळत नाही होय?”

कार्पो जोडाकडे वाकला. पाइपचं फुलवलेलं तोंड नीट बसलं होतं, निदान बोटांना तरी तसंच वाटलं होतं. की तोंडाला चीर गेली? त्याने पाना उचलला.

“आणखी आवळू नका, ताताय,” मागून लिसेल म्हणाली. “तोंड चिरेल. तुम्हीच शिकवलंय मला.”

ती हात पुसत उभी होती. आज पोरगी भारीच शिस्तीची झाली होती. सकाळपासून वेल्डिंगचं मशीन लावू दिलं नव्हतं, बेर्तिंगची सिगारेट तिने फाटकाबाहेरच विझवायला लावली होती. दुपारी जेवण झाल्यावर उकाड्यासाठी ओला टॉवेल मात्र न विसरता बापाच्या खांद्यावर टाकला होता, आणि आत्ताच तो पुन्हा ओला करून दिला होता.

“काय ते ठरवा, नोंग,” बेर्तिंग म्हणाला. “तुम्ही काडी लावलीत तर माझ्या नाकाचं मी ऐकणार नाही. पोरांना घेऊन जाईन.”

त्याचा हा विश्वासच कार्पोला असह्य झाला. नाही म्हणावं तर तीस वर्षांचं नाव धुळीला मिळणार. काडी ओढावी तर... त्याला ती सीटवर बसून पाय हलवणारी धाकटी दिसली.

त्याने पेटी खाली ठेवली.

“मला वास येत नाही,” तो म्हणाला. “दोन महिने झाले. मी तुम्हा सगळ्यांना फसवलं. गाडी नेऊ नकोस, बेर्तिंग.”

कार्पोला वर बघवेना. लिसेल मात्र जणू याच वाक्यासाठी थांबली होती. तिने साबणाच्या पाण्याची वाटी आणली, पाइपात हातपंपाने हवा भरली आणि कुंचल्याने जोडावर फेस लावला. तिघं वाकून बघत राहिले. एकही बुडबुडा आला नाही. तिने पुन्हा हवा भरली, पुन्हा फेस लावला. जोड ठणठणीत होता.

“मग वास कुठून येतोय?” बेर्तिंगने विचारलं.

लिसेलने बापाच्या खांद्यावरचा टॉवेल उचलला आणि त्याचं ओलं टोक बेर्तिंगच्या नाकाजवळ धरलं. बेर्तिंग झटक्यात मागे सरला.

“पेट्रोल!”

“मीच बुडवलं,” ती म्हणाली. “दुपारपासून त्यांच्या गालाला लागतंय. विचारलं तर कबूल करत नव्हते, मग काय करणार?”

कार्पोचा चेहरा लालबुंद झाला. “सटवे! आणि मी काडी ओढली असती तर? बापाला जिवंत जाळलं असतंस!”

लिसेलच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. “पेटी उघडा, ताताय.”

त्याने पेटी उचलली. पुन्हा तसाच खुळखुळ आवाज झाला. त्याने अंगठ्याने कप्पा ढकलला.

आत एकही काडी नव्हती. चिमूटभर कच्चे तांदूळ होते.