पाठराखीण

दारावरचा बांबूचा पडदा खडखडला, तशी सहा वर्षांच्या शुआनच्या केसांतून फिरणारी लानची फणी थांबली. आत तिची सख्खी थोरली बहीण आली होती. चीनमधल्या त्या जुन्या सरदारघराण्यांत मुलगी सासरी निघाली, की धाकट्या बहिणीलाही पाठराखीण म्हणून त्याच नवऱ्याला देत. मूल मात्र ताईला नाही, पाठराखीण म्हणून आलेल्या लानलाच झालं, हा शुआन.

ते पोर मंद आहे, अशी कुजबुज ताईने वर्षानुवर्षं दरबारात पेरली होती. आज त्याच पोराने भर दरबारात एकोणीस पिढ्यांच्या पूर्वजांची नावं न अडखळता म्हटली आणि त्याच्या सरदार बापाने त्याला वारस नेमलं. पण गादीवर थोरल्या बायकोचाच मुलगा बसतो. म्हणून आजपासून तो ताईचा मुलगा ठरला होता.

“लहानपणी माझी मैना पळवलीस, इथे आल्यावर नवरा,” ताई म्हणाली. “आता तरी काहीतरी परत दे.”

लान रडेल म्हणून दासी दाराशी टपल्या होत्या. तिने सावकाश शुआनचे दोन्ही बुचडे घट्ट बांधले.

“ने, ताई. पण मंद पोराला एवढं शिकवलं कुणी, असं लोकांनी विचारलं तर खाली बघू नकोस.”

ताईची मान आत्ताच खाली गेली. लानची ताठ होती. मुलाचा हात तिने स्वतःच बहिणीच्या हातात दिला.

उंबऱ्यावर शुआन मागे वळला. “लागलं की माझ्या तोंडून ‘आई गं’ निघतं. तिकडे तसं ओरडलो, तर धावत कोण येणार?”