हाकलून दिल्याचा मान

कॅसिनोच्या मॅनेजरने वर बोलावलंय असा निरोप आला आणि डेल्बर्ट क्राउसच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो तडक घरी गेला आणि टाय बांधू लागला. बायको व्हर्ना पलंगावर बॅग उघडून बसली होती.

"डेल, नक्की हाकलतीलच ना रे तुला?" तिने विचारलं.

"वर बोलावून दुसरं काय करतात? ऑर्विललाही असंच बोलावलं होतं."

ऑर्विलला पलीकडच्या कॅसिनोने पत्ते मनात मोजून जिंकतो म्हणून बंदी घातली होती. तेव्हापासून लास व्हेगासमधल्या कुपनवाल्या म्हाताऱ्यांच्या कंपूत तो देवच झाला होता. हरणारे काय, पैशाला पासरी. कॅसिनो ज्याला घाबरून हाकलतो तो खरा खेळाडू, अशी त्या कंपूची पक्की समजूत. डेल्बर्ट कित्येक वर्षं या मानाची वाट बघत होता. आणि व्हर्नाला त्याने वचन दिलं होतं, की ज्या दिवशी मला हाकलतील त्या दिवशी हे गाव सोडायचं आणि ओरेगनला तुझ्या बहिणीकडे, समुद्रापाशी, कायमचं राहायला जायचं. व्हर्नाने ते वचन उराशी धरलं होतं. तिने स्वेटर घडी करून बॅगेत ठेवला.

तसा डेल्बर्ट मोठा व्यासंगी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. कोणत्या पत्त्यावर थांबायचं, कोणत्यावर नाही, हे त्याला झोपेतून उठवून विचारा. फुकट नाश्त्याची कुपनं तो शेजाऱ्यांच्या रद्दीतून कापून आणी. टेबलावर सुपरवायझर रुबेन बघत असला की हा डावावर दोन चिप्स लावी, रुबेनची पाठ वळली की एक. खेळ रंगात आला की खुर्चीवर टोपी ठेवून संडासात जाऊन बसे. कुपनासाठी लागणारा खेळल्याचा वेळ मोजला जाई आणि खिशाला झळ नाही. येताना तिथला कागदाचा रोल कोटाखाली घालून आणी. लग्नाचा वाढदिवससुद्धा एका जेवणावर एक फुकट असेल त्या मंगळवारीच साजरा होई. शेजारी एखादी म्हातारी मशिनमध्ये पेन्शन ओतत बसली की तो "गाढवं साली!" असं पुटपुटे, आणि ती उठून गेली की तिच्या मशिनखाली एखादं नाणं राहिलंय का ते चाचपून बघे.

मॅनेजर टेडेस्को जाडजूड, हसतमुख गृहस्थ होता.

"बसा, क्राउससाहेब."

"मी उभाच बरा. वाचा काय ते."

"काय वाचू?"

"बंदीचा हुकूम." डेल्बर्टने छाती पुढे काढली.

टेडेस्कोला कॉफीचा कप खाली ठेवावा लागला. "तुमच्यावर बंदी? अहो, कशाबद्दल?"

"उगाच वेड पांघरू नका. रुबेन बघतो तेव्हा मी दोन चिप्स लावतो, आणि..."

"आणि वळला की एक. अहो, आम्हीच सांगून ठेवलंय रुबेनला, की फार वेळ बघत उभा राहू नकोस, म्हातारी माणसं अवघडतात." टेडेस्कोने खुर्ची पुढे ओढली. "हे बघा, सकाळी आमचा हॉल ओस पडलेला असतो. रिकाम्या टेबलावर गिऱ्हाईक बसायला बिचकतं. पूर्वी आम्ही पगार देऊन माणसं बसवायचो. मग लक्षात आलं, तुम्ही मंडळी नाश्त्याच्या दोन अंड्यांवर बसता, आणि दिसताही अगदी खऱ्या खेळाडूंसारखे! पगारी माणसं केव्हाच काढून टाकली आम्ही. आता समोर नवा कॅसिनो उघडतोय. तुम्ही तिकडे जाल, हीच धास्ती. म्हणून हा घ्या वर्षभराचा नाश्ता, दोघांचा. तुमच्यासारख्या खुर्च्या भरणाऱ्या माणसांना आम्ही हाकलू कसे?"

डेल्बर्टला भर बाजारात थोबाडीत बसल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्यांना लुटतोय म्हणून तो मिशीत हसत होता, त्यांनी त्याला खुर्चीवरच्या उशीसारखं वापरलं होतं. टेबलावर ठेवलेल्या कुपनांच्या पाकिटाला हात न लावता तो बाहेर पडला. त्या इमारतीत त्याने केलेली ही पहिलीच अब्रूदार गोष्ट.

खाली लिफ्टपाशी व्हर्ना बॅग घेऊन उभी होती. तिला घरी धीर निघाला नव्हता.

"हाकललं?" तिने विचारलं.

डेल्बर्टने तिच्याकडे पाहिलं. "हाकललं," तो म्हणाला.

व्हर्नाचा चेहरा असा उजळला की त्याला स्वतःच्या खोटेपणाचं कौतुकच वाटलं. तिने त्याचा दंड धरला. "चल, आधी बहिणीला फोन करते. अरे, तू खरंच जिंकलास की!" ऑर्विललाही हेच सांगता येईल, असं त्याच्या मनात आलं. आणि समुद्र म्हणजे काही वाईट नव्हे.

तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि टेडेस्कोची सेक्रेटरी धापा टाकत बाहेर आली.

"क्राउससाहेब! पाकीट टेबलावरच विसरलात. वर्षभराची नाश्त्याची कुपनं, दोघांची. साहेबांनी विचारलंय, उद्यापासून येताय ना?"

व्हर्नाने त्याचा दंड सोडला. तिने बॅग उचलली आणि ती रस्त्याच्या दाराकडे चालू लागली. पाकीट नाकारून तिच्यामागे धावायचं, एवढंच त्याला करायचं होतं, आणि ते त्यालाही पुरतं कळत होतं. व्हर्ना दारात पोचली, थांबली, तिने एकदा मागे वळून पाहिलं.

डेल्बर्ट पाकीट उघडून बघत होता.

"काय हो बाई," तो सेक्रेटरीला म्हणाला, "यात संत्र्याचा रस धरलाय, की तो वेगळा?"