बन्सीलालची बढती

बन्सीलाल पाटील हवाई दलात हेलिकॉप्टर चालवायचा. वर्षांमागून वर्षं गेली तरी त्याला बढती मिळेना, कारण वरच्या जागा विमानं चालवणाऱ्यांकडेच जात. शेवटी त्याने हेलिकॉप्टर सोडलं, कोवळ्या पोरांच्या रांगेत बसून पुन्हा पहिल्यापासून विमान चालवायला शिकला आणि चाळिशीच्या आत स्क्वाड्रन लीडर झाला. तापीकाठच्या त्याच्या गावात आईने, जमनाबाईने, पोरगा साहेब झाला म्हणून घरोघर पेढे वाटले. "मन्हा पोऱ्या मोठा साहेब व्हयना!"

पुढच्याच पावसाळ्यात तापीला पूर आला. अन्नाची पाकिटं टाकायला बन्सीलाल विमान घेऊन आला, तर गावाच्या जागी नुसतं गढूळ पाणी. विमान अगदी खाली नेलं तेव्हा त्याच्याच घराच्या धाब्यावर दाटीने उभी असलेली माणसं दिसली. त्यांत पदर हलवणारी आई होती. टाकलेली पाकिटं पाण्यात पडून वाहून गेली आणि विमान पुढे निघून गेलं. तो वळून परत येईपर्यंत धाब्याची एक बाजू खचली होती.

त्याने रेडिओवरून तळाला विनवलं, "हेलिकॉप्टर पाठवा! आत्ताच्या आत्ता. माझी आई आहे तिथे."

तळावरून उत्तर आलं,



"हेलिकॉप्टर तयार उभं आहे, सर. पण चालवणारे सगळे तुमच्यामागोमाग विमानांवर गेले."