मृत्यूची नोंद

शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर सामंतांनी अप्पांचं हृदय थांबवलं, आणि बाहेर बसलेल्या त्यांच्या मुलीच्या, मृण्मयीच्या, फोनवर संदेश आला: 'मृत्यूची नोंद झाली. यंत्रं बंद. अवयवदान सुरू.'

हृदय थांबलं की हे सगळं आपोआप करणारा, ब्लॉकचेनवरचा हा संगणकी करार तिनेच तपासला होता. हृदय मुद्दाम थांबवलं तर काय, ही चाचणी राहून गेली होती. आणि सुरू झालेला करार कुणालाच थांबवता येत नसे.

ती आत धावली. रक्त फिरवणारं यंत्र बंद पडलं होतं.

"यंत्राचा तो दांडा हाताने फिरवा!" डॉक्टर ओरडले. "थांबलात तर अप्पा गेले!"

ती रडत फिरवत राहिली. दारात अवयव न्यायला आलेला माणूस बर्फाची पेटी घेऊन उभा राहिला. तिला ओरडायलाही दम उरला नव्हता.

त्याने पेटी खाली ठेवली. "ताई, हात भरून आलेत तुमचे. द्या इकडे."