बोटावरची शाई

फूटपाथ इतका उखडला होता की वामनरावांची व्हीलचेअर फाटकाबाहेर निघतच नव्हती. समोरचं तळं त्यांनी वर्षभर फक्त खिडकीतून पाहिलं होतं. म्हणून रस्ते-फूटपाथ दुरुस्त करायला कौन्सिलनं कर्ज काढावं की नाही यावर गावाचं मत घ्यायचं ठरलं, तेव्हा प्रमिलाबाई ठेवणीतली साडी नेसून सगळ्यांच्या आधी चर्चच्या हॉलमध्ये हजर झाल्या. 'होय'पुढे फुली मारली, कागद पेटीत टाकला आणि टेबलामागच्या गोऱ्या बाईपुढे डाव्या हाताचं बोट धरलं. बाईनं ते हातात घेऊन प्रेमानं हलवलं. "थँक यू, लव्ह!"

घरी वामनरावांनी बोट उलटसुलट करून पाहिलं. "शाई कुठाय?"

"इथे लावत नाहीत. पेन्सिलीनं फुली मारायची, झालं."

"पेन्सिलीनं? अगं, खोडली असेल त्यांनी. फसवलं तुला!"

निकाल 'होय' लागला, तरी त्यांचं पालुपद चालूच. "लागला असेल, पण तुझ्या मतानं नाही."

ऑगस्टमधल्या एका सकाळी फाटकाबाहेर रोलर धडधडला आणि डांबराचा वास थेट स्वयंपाकघरात आला. प्रमिलाबाई गॅस बंद करून अनवाणीच बाहेर धावल्या, कामगार "नो, नो!" ओरडत असताना खाली वाकल्या आणि तशाच धावत परत आल्या. काळंकुट्ट बोट त्यांनी नवऱ्याच्या नाकासमोर नाचवलं.

"ही घ्या शाई! वाळली की निघूच तळ्यावर."